तिच्या तोंडचं पानी

परीक्षा आल्या की आमच्या आळीतल्या बाया हळू बोलायला लागतात. एरवी एकीने दुसरीला हाक मारली की खाडीतले बगळे उडतात, असे एकेकीचे गळे. पण फेब्रुवारी सरत आला, वालाच्या शेंगा वाळून अंगणात पसरल्या, दुपारी मातीवर पाय भाजायला लागला, की पोरांचे पेपर जवळ येतात आणि ह्या बाया एकमेकींना डोळ्यांनी बोलावतात. देवळावरचा भोंगा बंद होतो. टीव्ही मुका होतो. वाऱ्याने केळीचं पान फाटलं तरी ऐकू येतं, एवढी आळी गप्प.

त्या गप्पपणात तिचा आवाज यायचा.

तिचा म्हणजे माझ्या बायकोचा. वेणूचा. ती जाऊन दुसरा पावसाळा उलटला. मेलेल्या माणसाचा आवाज यायचा म्हटलं तर लोक मला भगताकडे न्यायला निघतील, म्हणून आधीच सांगतो, फोनमधून यायचा. पहिली-दुसरीच्या पोरांचे धडे होते ते. शेजारच्या घरात लागायचे, समोरच्या घरात लागायचे. एकीकडे ती पोरांना मांडी घालायला सांगत असायची, तर दुसरीकडे तिचा धडा संपत आलेला असायचा. मी मधे पडवीत शेंगा सोलत बसलेला. दोन्हीकडून बायको बोलते आणि आपण मधे बसलोय, असं सुख कुणाच्या नशिबी येतं?

यंदा परीक्षा आल्या. बाया हळू बोलायला लागल्या. वाल वाळले. आणि आळी नुसतीच गप्प राहिली.

आधी मला वाटलं, माझा फोन बिघडला. जेवण झालं की पडवीतल्या खाटेवर आडवं व्हायचं आणि फोनवरच्या ओट्याच्या चित्रावर बोट ठेवायचं, हा माझा रोजचा नेम. माझी मुलगी मनीषा, तिने शिकवलं होतं. मातीचा ओटा, वर कौलं, समोरून सगळं उघडं, असं ते चित्र. त्या दिवशी बघतो तर ओट्याला दार आलेलं. खरंच सांगतो, चित्रातच दार काढलं होतं कुणीतरी, निळं, चकचकीत. त्यावर बोट ठेवलं तर धड्यांची नावं आली आणि प्रत्येक नावापुढे एकेक कुलूप. खाली लिहिलेलं, 'पुढे जाण्यासाठी योजना निवडा.' मी चौथी शिकलेला, पण एवढं वाचता येतं. कळत मात्र नव्हतं. सरकारच्या योजना मला माहीत आहेत, घरकुलाची, म्हाताऱ्यांच्या पगाराची. बायकोचा आवाज ऐकायला कसली योजना?

स्टेशनाबाहेरच्या फोनवाल्याकडे गेलो. त्याने फोन हातात घेतला, उलटासुलटा केला आणि हसला.

"काका, फोन ठणठणीत आहे. हे ॲप विकलं गेलं. फुकटचं बंद झालं आता."

"फुकटचं काय त्यात? माझी बायको आहे ती."

त्याने गिऱ्हाइकाकडे बघितलं, गिऱ्हाइकाने त्याच्याकडे. म्हातारा सरकलाय, असं त्यांनी न बोलता ठरवलं. ठरवू दे. मी फोन घेतला आणि उन्हातून घरी आलो. येताना रिक्षावाल्याला घराची खूण सांगायची तर तीच आठवेना. इतकी वर्षं राहतोय तिथे.

*

त्या ॲपला ओटा हे नाव कसं पडलं ते मला ठाऊक आहे, कारण ते आमच्या ओट्यावर बसूनच पडलं.

ती अशाच परीक्षेच्या दिवसांतली गोष्ट. नायगावला खाडीच्या अंगाला नवीन टॉवर झाले, त्यातल्या एका टॉवरमध्ये राहणारी अनघा म्हणून बाई. मूळची साताऱ्याकडची, मुंबईत कॉम्प्युटरवर नोकरी. रविवारी सुट्टी असली की माणसं झोपतात, ही बाई आणि तिच्यासारखे चार खुळे गावोगाव फिरून पोरांना शिकवायचे. आमच्या बालवाडीत वेणू खाऊ शिजवायची. शिकवायला दुसऱ्या बाई होत्या. पण खिचडीला वाफ येईपर्यंत पोरं रडायची, तेव्हा वेणू चुलीशी बसून काहीबाही सांगायची आणि पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची. अनघाने ते दारातून बघितलं. दुसऱ्या रविवारी ती हातात एक काळा, बोंडासारखा माइक घेऊन आमच्या घरी हजर.

"मावशी, तुम्ही पोरांना सांगता ना, तसंच इथे सांगायचं. आम्ही ते फोनवर ठेवणार. कोणालाही घेता येईल, ऐकता येईल, हवं तर बदलता येईल, पुढे देता येईल. कोणाची परवानगी लागणार नाही. चालेल ना?"

वेणूने चहाचं भांडं खाली ठेवलं. "म्हंजे आमच्या ओट्यासारकं? कोनी पन येऊन बसावं?"

"अगदी तसंच!"

"कुंपन नाय ना घालनार कोनी मागनं?"

"नाही हो मावशी."

"मग घे. माज्या तोंडाला काय भाडं लागतं?"

झालं. नाव पडलं, ओटा.

आता हे 'कोणीही घ्या' प्रकरण पुष्कळ शिकलेल्यांना समजावून सांगावं लागतं म्हणे. अनघा सांगायची, तिच्या ऑफिसातले लोक विचारायचे, यात तुला मिळतं काय? आम्हाला कुणी समजवावं लागलं नाही. आमच्याकडे केळीचा मुनवा कोणी विकत नाही. केळीच्या बुडाशी पिल्लं फुटतात, ती खणून देतात. माझ्या बागेतली निम्मी केळ सांडोर गावच्या पास्कूने दिलेली. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी विचारत बसलो, काय द्यायचं, कसं द्यायचं. पास्कू म्हणाला, "न्या हो. केळ काय मला विचारून पिल्लं घालते?" त्याच्या मुनव्यांची पिल्लं मी पुढे किती जणांना दिली. कुणाच्या बागेत कुणाची केळ वाढते, सांगता येत नाही. ते तसंच चालतं. म्हणून वेणूने आपला आवाज दिला तेव्हा तिला काही फार मोठं दिलं असं वाटलं नाही. पिल्लू खणून दिलं, एवढंच.

त्या परीक्षेच्या मोसमात आमच्या पडवीचं रेकॉर्डिंगचं दुकान झालं. अनघा हात वर करायची, म्हणजे सगळ्यांनी श्वास धरायचा. मी खाटेवर पुतळा. वेणू सुरू करायची, "बसा रे पोरांनो. मांडी घाला. आता सांगा, पानी कुठं जातं?" आणि नेमका कावळा ओरडायचा. पुन्हा पहिल्यापासून. मग मासळीवाली यायची. मग शेजारच्या घरात कुकरची शिट्टी. वेणू म्हणायची, "ऱ्हाऊ दे गो शिटी. पोरांच्या घरी काय कुकर नाय?" अनघा हसून हसून लाल व्हायची. आणि वालाचा तो उग्र वास सगळीकडे. शेंगा बडवल्या की जी धूळ उडते ती नाकात जाऊन मला शिंक यायची. एका धड्यात माझी शिंक आहे. होती. वेणू मधेच म्हणते, "ह्ये आमचं मानूस शिंकलं, तुमी लक्ष द्या." तो धडा मुलांना भारी आवडायचा. शाळेतून येता-जाता पोरं मला बघून मुद्दाम शिंकायची.

पाण्याचा धडा मात्र वादाचा. अनघाबरोबर एक सर यायचे. चांगला माणूस, पण मराठीचा शिक्षक. ते म्हणाले, "मावशी, पानी नाही, पाणी. ण. बाणाचा ण."

वेणूने जीभ वळवली. "पाड्णी."

"पा-णी."

"पाड... आवो, तुमी हसताय काय?" हे मला. मी हसत नव्हतो, मी मनातल्या मनात म्हणून बघत होतो आणि मलाही येत नव्हतं. आमच्या चौथीच्या मास्तरांनी मला छडीने ण शिकवला. तो हातात बसला, जिभेवर बसला नाही. त्यामुळे मी लिहितो पाणी आणि पितो पानी. खाडीकाठच्या भातवाल्यांत, मिठागरवाल्यांत सगळीकडे हेच.

शेवटी वेणू वैतागली. "गुरुजी, माज्या तोंडात पानीच येतं. तुमाला दुसरं पायजे तर दुसरी बाई बगा."

अनघा म्हणाली, "राहू दे सर. मिठागरावरचं पोर पहिल्यांदा शाळेत जातं तेव्हा बाईंचं बोलणं त्याला परकं वाटतं आणि ते गप्प बसतं. त्याला त्याच्या घरातलं कोणीतरी बोलतंय असं वाटू दे. ण काय, पुढे शिकेल." सरांनी मान डोलावली. तो धडा तसाच गेला. विहिरीतून पाटात, पाटातून केळीच्या मुळाशी, मुळातून पानात, पानातून वर ढगात. पानी, पानी, पानी. दर वेळी न. ऐकणाऱ्याच्या घशाला थंड वाटावं असा न.

*

अनघाचा नंबर मनीषाने शोधून दिला. फोनवर बोलणं मला जमत नाही, म्हणून घरीच गेलो. लिफ्टमध्ये वर जाताना कानात दडे बसले. तिच्या खिडकीतून खाली मिठागराचे चौकोन दिसतात, काही अजून पांढरे, बरेचसे भरावाने काळे. तिने मला ओळखलं, वाकून नमस्कार केला, आणि मी बसायच्या आधीच तिला रडू आलं. म्हणजे हिला माहीत होतं मी का आलोय.

"काका, मी तुम्हाला कळवायला हवं होतं."

"आता कळव."

तिने सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. ओटा वाढला. कुठल्या कुठल्या जिल्ह्यातली पोरं यायला लागली. एवढ्यांना बसवायचं तर जागा लागते, कॉम्प्युटरची जागासुद्धा भाड्याने घ्यावी लागते. ते भाडं ही माणसं आपल्या पगारातून भरत होती. मराठीच्या सरांची बदली झाली. एकाचं लग्न झालं, एक परदेशी गेला. उरली ही. दिवसभर नोकरी, मग ओट्याची डागडुजी, त्यात हिचे वडील अंथरुणाला खिळले. कुणी देणगी देईना. सगळे म्हणायचे, फार छान काम आहे. मग एक कंपनी आली, आम्ही चालवतो म्हणाली.

"मी थकले होते काका. मला वाटलं, बंद पडण्यापेक्षा कोणीतरी चालवलेलं बरं."

"बंद पडलं असतं तर मी रडलो असतो आणि गप्प बसलो असतो," मी म्हणालो. "माणसं मरतात, धंदे बुडतात. तू तर चालू ठेवून आत कोंडलंस. आत बोलतेय ती आणि मी बाहेर उभा."

तिने डोळे पुसले.

"आणि ते कुंपणाचं काय झालं? वेणूने विचारलं होतं तुला. माझ्यासमोर."

"आठवतंय. पण काका, कोणीही घ्यावं असं आपण लिहून ठेवलं होतं ना, त्यात विकणाराही आलाच. कायद्याने त्यांचं काही चुकलेलं नाही."

"पास्कूचा मुनवा मी नेला. माझ्या बागेला मी कुंपण घालीन, तो माझा हक्क. पण म्हणून मी पास्कूच्या बागेला कुलूप लावू?"

"नाही," ती म्हणाली. "पण पास्कूने स्वतःची बाग विकली तर?"

तेव्हा मला कळलं की ती स्वतःबद्दल बोलतेय, आणि माझा राग अर्धा खाली बसला. उरलेला अर्धा कुठे ठेवायचा ते कळेना. एका बाईने किती वर्षं एकटीने ओटा सारवायचा? गाव येऊन बसतो, उठून जातो, शेणाचा हात कुणी लावत नाही.

मी म्हटलं, "बरं. मला धंद्याशी काही देणंघेणं नाही. तिचा आवाज तेवढा काढून दे. तुझ्याकडे असेल ना?"

तिने मान खाली घातली. आता जे ती म्हणाली ते माझ्या डोक्यातून जात नाही.

"काका, सगळं खुलं होतं ना. कोणीही उतरवून घेऊ शकत होतं. म्हणून मी वेगळी प्रत ठेवली नाही. मला वाटलं, इतके लोक वापरतायत, कोणी ना कोणी तरी घेतलीच असेल. आता मी सगळ्यांना विचारतेय. प्रत्येक जण म्हणतो, आम्हाला वाटलं दुसऱ्या कोणाकडे असेल."

आणि मीही तेच केलं होतं. मनीषानेही. आळीतल्या प्रत्येक घरात ती बोलत होती, मग घरात भरून ठेवायची गरज कुणाला वाटली? वाहत्या पाटाचं पाणी कोण हंड्यात भरून ठेवतं?

"कंपनीला विचारलं?"

"विचारलं. ते म्हणतात, जुनं रेकॉर्डिंग त्यांनी ठेवलं नाही. सुधारून घेतलंय, तेवढंच आहे."

सुधारून म्हणजे काय, ते मी तेव्हा विचारलं नाही. मला वाटलं कावळा काढला असेल, कुकर काढला असेल. माझी शिंक काढली असेल. काढू देत.

तिने चहा केला होता. मी प्यायलो नाही. आता वाटतं, प्यायला हवा होता. तिचे वडील आतल्या खोलीत खोकत होते.

*

वेणू गेली तो मोसमही परीक्षेच्या जवळपासचाच होता. दवाखान्यातून तिला घरी आणलं तेव्हा वाल शेतातच उभे होते. तिला बोलायला धाप लागायची. शेजारच्या घरातून तिचाच जुना आवाज यायचा, भरलेला, खणखणीत, आणि ती पडल्या पडल्या ऐकायची. एकदा म्हणाली, "ती बाई लय बोलते." मी म्हटलं, बंद करायला सांगू? तर हाताने नको म्हणाली. "बोलू दे. तिला दम हाय."

ती गेल्यावर लोक भेटायला आले आणि मुलांचे पेपर होते म्हणून लवकर परत गेले. मला राग आला नाही, मलाही माणसं नकोच होती. बाराव्याचे लोक पांगले त्या दुपारी मी पडवीत उभा होतो. कोपऱ्यात तिचं सूप तसंच. आणि समोरच्या घरातून आवाज, "बसा रे पोरांनो." मी खरंच बसलो. उभा होतो तो खाली बसलो, मांडी घातली. त्या घरातली बाई धावत बाहेर आली, "काका, चुकून लागलं हो, माफ करा, बंद करते." मी तिला म्हटलं, "बंद केलंस तर तुझ्या घरचं पाणी पिणार नाही." तेव्हापासून आळीत ते बंद झालं नाही.

माणूस फोटोकडे बघून जगतो असं म्हणतात. मला फोटोचा काही उपयोग नाही. फोटोत ती घाबरलेली आहे, सगळ्या फोटोंत. कॅमेरा दिसला की तिचा चेहरा पोलिसासमोर उभं केल्यासारखा व्हायचा. मनीषाच्या लग्नाच्या व्हिडिओत ती आहे, पण वर बँड वाजतोय. फोनवर तर ती मिस्ड कॉलवालीच. ती खरी होती ती बोलण्यात. आमचं भांडण, आमचं प्रेम, आमची बाजाराची यादी, सगळं त्या एका गळ्यातून. तेवढाच आवाज तिचा कुठेतरी भरून राहिला होता, आणि तो पहिलीच्या पोरांशी बोलत होता. मला चालत होतं. मी पहिलीत बसायला तयार होतो.

*

मनीषा विरारला चंदनसारला राहते. रविवारी येते. परवाच्या रविवारी आली ती चपला काढता काढताच म्हणाली, "बाबा, डोळे मिटा." तिने पैसे भरून त्या ओट्याची योजना घेतली होती. वर्षभराची. माझ्या फोनवर चालू करून दिली. कुलपं गेली. मी खाटेवर बसलो. पाण्याचा धडा लाव, मी म्हटलं.

आवाज आला. वेणूचाच. तोच गळा, तीच जराशी घोगरी सुरुवात. "बसा मुलांनो. मांडी घाला. आता सांगा, पाणी कुठे जातं?"

मला कळलं नाही काय झालं ते. पायरी आहे समजून पाऊल टाकावं आणि पायरी नसावी, तसं झालं.

"पुन्हा लाव."

"पाणी कुठे जातं?" ण. बाणाचा ण. स्वच्छ, गोल, मास्तरांनी पेढा द्यावा असा. वेणूच्या गळ्यातून.

मशीनने केलं होतं ते. मनीषाने वाचून दाखवलं. पालकांच्या मागणीवरून सर्व धडे शुद्ध मराठीत, आवाज तोच ठेवून. म्हणजे गळा तिचा घेतला आणि जीभ दुसरी बसवली. जे त्या मराठीच्या सरांना समोर बसून जमलं नाही, ते तिच्या माघारी झालं. तिला विचारायला नको, तिने वैतागायला नको, दुसरी बाई बघायला नको.

"बंद कर."

"बाबा, आईच आहे ती."

"नाही."

"एक अक्षर फक्त बदललंय."

"तेवढीच होती ती."

मनीषाला ते लागलं. तिचा चेहरा उतरला. या मुलीची एक गोष्ट सांगायला हवी. ती मुंबईत कॉलेजला गेली तेव्हा तिच्या पानीला, लोनीला, कोनला वर्ग हसायचा. घरी आली की आरशासमोर उभी राहून ती ण म्हणायची. महिनोन्‌ महिने. वेणू चुलीपाशी बसून ऐकायची आणि म्हणायची, "झाली गो मडम." पण तिला आतून बरंही वाटायचं, मी बघितलंय. मनीषाने तो न असा काही उपटून टाकला की पुन्हा कधी उगवला नाही. आमच्याशीसुद्धा ती पाणीच म्हणते. म्हणून तिला तो नवा आवाज ऐकून काही खुपलं नाही. उलट आई आता कुठेही हसं होणार नाही, असंच वाटलं असेल.

"तुम्हाला ती आयुष्यभर मिळाली," ती म्हणाली. "मला लग्नानंतर रविवारचीच आई. पोळ्या करताना मी हे लावते, बाबा. मला तेवढाच आधार आहे. तुम्ही तो पण काढून घ्या."

"मी काही काढून घेत नाही. तुझ्या फोनवर ठेव. माझ्यावरचं काढ."

"का पण?"

कसं सांगायचं? मी तिला सांगितलं, जसं जमलं तसं. की त्या दोनदा ऐकण्याने माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय. मी वेणूला आठवायला बसलो की आता ती पाणी म्हणते. दवाखान्यातली शेवटची हाक आठवतो, त्यातही ण येतो. विहिरीवरून ओरडायची ते आठवतो, त्यातही. ते नवं आत शिरून जुन्याला खातंय. आणखी चार वेळा ऐकलं तर माझ्याकडे होती ती वेणूसुद्धा जाईल आणि ही शुद्ध बाई उरेल, जिच्याशी माझं लग्न झालेलं नाही.

"मी म्हणून बघतो तिच्यासारखं," मी म्हणालो, "पण माझा गळा चिरका. पानी. बघ. पानी. ही ती नाही. हा मी आहे."

मनीषाने डोळे मिटले, आणि मला कळलं की ती आत शोधतेय, आईला आठवतेय, आई कशी म्हणायची ते. अंगणात वालाच्या शेंगा उन्हाने तडकत होत्या, टचटच. आळीत कुणी बोलत नव्हतं. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मी तो बदल ओळखला, कारण माझ्यात तो आधीच होऊन गेला होता.

"बाबा," ती म्हणाली, "मला पण नाही आठवत."

आणि ती रडायला लागली. आई गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती, तेव्हा पाहुण्यांचा चहा बघत होती. आता खाटेच्या कडेला वाकून, तोंडात पदर कोंबून, लहान पोरासारखी. उचक्या लागल्या. श्वास अडकायला लागला. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला, मला दुसरं काही येत नाही. तिला बोलता येईना. तिने हात पुढे केला, माठाकडे दाखवलं.

"बाबा, पानी."

मी थांबलो. मग उठलो, तांब्या भरला, तिच्या हातात दिला. ती घटाघटा प्यायली. थोडं गळ्यावर सांडलं. पदराने तोंड पुसून ती शांत बसली. आपण काय म्हणालो, ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं.

मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिने लगेच सुधारून घेतलं असतं.